सुतळीचं दार

"सर, तुम्ही स्वतः आयुष्यात एक तरी मासा पकडलाय का?"

प्रियदर्शिनीच्या तोंडून प्रश्न सुटला आणि शाळेच्या सभागृहातल्या सगळ्या माना मागे वळल्या. मंचावर मिस्टर कोह उभे होते. परंपरा जपणाऱ्या सरकारी खात्याचे अधिकारी. गेला अर्धा तास ते 'पारंपरिक मासेमारी आणि शासनाची भूमिका' या विषयावर एकामागून एक स्लाइड दाखवत होते, आणि मागच्या रांगेत अवनीने प्रियदर्शिनीच्या कानाला लागून पैज लावली होती. "विचारून दाखव. नाही विचारलंस तर महिनाभर माझी बॅग तू उचलायची." शेजारची जिया यी घाबरून इथल्या लकबीत म्हणाली होती, "नको लाह, डिटेन्शन मिळेल!"

मागच्या वर्षीची प्रियदर्शिनी असती तर तिने मुकाट्याने बॅग उचलली असती. पण जानेवारीत वादविवादाच्या संघातली एक मुलगी आजारी पडली, ऐनवेळी हिला उभं केलं, आणि हिच्या गळ्यातून असा काही आवाज निघाला की सगळ्यात जास्त दचकली ती स्वतःच. तेव्हापासून तिला थांबवणं कुणाच्या हातात उरलं नव्हतं. आई म्हणायची, "हिच्या तोंडाला कुणीतरी किल्ली दिलीय आणि किल्ली घेऊन पळालंय."

मिस्टर कोहचे कान लाल झाले.

"नाही," ते म्हणाले. "एकही नाही. पण मासे धरायचा एक पिंजरा समुद्रात सोडता यावा म्हणून मी सतरा फॉर्म भरलेत."

सभागृह खळाळून हसलं. कोहही हसले, आणि मग त्यांनी स्लाइड बंदच केल्या. सरळ बोलायला लागले. पाक सामद नावाचे एक म्हातारे कोळी आहेत, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. बांबूच्या कामट्या आणि वेत विणून मासे धरायचा पिंजरा करतात. त्याला इथं बुबू म्हणतात. खात्याने त्यांच्यावर फिल्म केली, पुस्तिका छापली. आता एक वर्षाची योजना आहे. दर शनिवारी त्यांच्या हाताखाली शिकायचं. शाळेतली मुलंसुद्धा चालतील, फक्त पालकांची सही हवी.

"सोमवारी मुदत संपते," कोह म्हणाले. "आजपर्यंत एकही नाव आलेलं नाही. शिकणारं कुणी नसेल तर पिंजरा सोडायची परवानगीही संपते. मग उरेल ती फिल्म." त्यांनी सरळ तिच्याकडे बोट केलं. "शनिवारी बोट निघणार आहे. प्रश्न विचारणाऱ्यांनी येऊन बघावं."

अवनी पैज हरली होती, पण प्रियदर्शिनीला ते घरी पोचल्यावर आठवलं.

बोटीच्या संमतीपत्रावर सही करताना तिच्या पप्पांचं पेन मध्येच थांबलं. प्रमोदराव वन-नॉर्थ या संशोधन-वसाहतीतल्या प्रयोगशाळेत संशोधक. कागद पूर्ण वाचल्याशिवाय ते दुधाच्या डब्यावरही विश्वास ठेवत नसत.

"परंपरा जपणं," त्यांनी मोठ्यांदा वाचलं. "हा शब्द दिसला की मी आधी विचारतो, कोणाची? आमच्याही घरात परंपरा होती, बाळा. गावातलं मेलेलं जनावर ओढायची. माझ्या पणजोबांना ती जन्मासोबत मिळाली होती. ती टाकून द्यायला बाबासाहेबांना सांगावं लागलं, आणि टाकली म्हणून मार खावा लागला. ती टाकली म्हणून तू इथं बसून मिलो पितेयस."

"आणि रविवारी वंदनेला पाणातिपाता वेरमणी, जीव घेणार नाही, म्हणायचं," आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "आणि शनिवारी मासे धरायला जायचं."

"प्रेमला, दर शुक्रवारी सुरमई कोण आणतं?" पप्पांनी आईला विचारलं.

"मी आणते. धरत नाही."

सही झाली. पण पप्पांचा तो प्रश्न, कोणाची, तिच्या डोक्यात काट्यासारखा रुतून बसला.

शनिवारी सकाळी जेट्टीवर सहा मुलं, त्यांत अवनी आणि जिया यीही, एक शिक्षिका, मिस्टर कोह, आणि बोटीच्या टोकाला पाय सोडून बसलेला एक सुकटीसारखा वाळलेला माणूस. डोक्यावर फुटबॉल क्लबची विटकी टोपी. पाक म्हणजे इथलं आपलं 'काका'. पाक सामदनी मुलांकडे पाहिलं, त्यांच्या नारिंगी लाइफ जॅकेटांकडे पाहिलं, आणि कोहना म्हणाले, "एवढे भोपळे कशाला आणलेस?"

बोट निघाली. मालवाहू जहाजं डोंगरासारखी उभी. वाटेत पाक सामदनी एका बेटाकडे हनुवटी उडवली. "ते माझं गाव." तिथं एकही घर नव्हतं. बेट रिकामं झालं तेव्हा ते तिशीच्या आसपास होते. सरकारने सगळ्यांना शहरात फ्लॅट दिले. "चांगला फ्लॅट. लिफ्ट आहे," ते म्हणाले. "पण नवव्या मजल्यावरून भरती ऐकू येत नाही."



एका जागी पाक सामदनी हात वर केला. इंजिन थांबलं. चहूकडे तेच हिरवंकरडं पाणी. काठी नाही, तरंगता डबा नाही, काहीच खूण नाही.

"इथं कुठंय पिंजरा?" प्रियदर्शिनीने विचारलं. "खूण का नाही?"

"खूण आहे की. ही काय एवढी मोठी." त्यांनी तिचे खांदे धरून तिला वळवलं. "ते धुरांडं बघ. त्या झाडांमागे आत्ता लपेल. लपलं? आता इकडे. केबल कारचा खांब. त्याच्यामागून ती पांढरी इमारत किती दिसते?"

"अर्धी."

"अर्धी दिसली पाहिजे. पूर्ण दिसली तर आपण पुढे आलो. धुरांडं-झाडांची एक रेघ आणि खांब-इमारतीची दुसरी, या दोन रेघा जिथं एकमेकींना कापतात, तिथं माझा पिंजरा."

प्रियदर्शिनी त्या पांढऱ्या इमारतीकडे बघतच राहिली. हार्बरफ्रंट. अकरावा मजला. तिची आई तिथं जहाज कंपनीत दिवसभर पडद्यावर जहाजांचे ठिपके हलताना बघते. आठ वर्षं! आठ वर्षं आईचं ऑफिस एका म्हाताऱ्याला मासे कुठं आहेत ते सांगत होतं, आणि घरात कुणाला पत्ताही नव्हता!

"ते माझ्या आईचं ऑफिस आहे!" ती किंचाळलीच.

"मग आईला सांग, हलू नकोस," पाक सामद म्हणाले. "आधी तिथं एका नारळाची खूण होती. नारळ गेला. मग एक क्रेन धरली, तीही गेली. माणसं खुणा बदलतात. पाण्याखालचा खडक तिथंच असतो."

त्यांनी दोरीला बांधलेला चार नख्यांचा लोखंडी आकडा पाण्यात सोडला आणि दोरी दोन बोटांवर धरली, वैद्य नाडी धरतो तशी. बोट हळूहळू सरकत होती. दोरी ताठ झाली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. पाक सामद हलले नाहीत. डोळे मिटून त्यांनी दोरी किंचित ओढली, सोडली, पुन्हा ओढली.

"हा माझा नाही," ते म्हणाले.

"न बघताच?" जिया यीने विचारलं.

"माझा एवढा हट्टी नाही."

चौघांनी मिळून दोरी ओढली. वर आला तो खरोखरच दुसरा पिंजरा होता. शेवाळलेला, पण वीण कशी अगदी रेखीव, पुस्तकातल्यासारखी. मिस्टर कोहनी पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "हा आमचा," ते हळूच म्हणाले. "खात्याचा नमुना. पुस्तिका समोर ठेवून आम्हीच विणला होता. मे महिन्यात सोडला, त्याचा तरंगता डबा कुठल्यातरी बोटीने तोडला. चार महिने शोधत होतो."

पाणी गळून गेलं तेव्हा आतलं दिसलं. तळाशी काटे. बारीक, पांढरे, एकावर एक साचलेले. आणि त्यांच्यावर एक मासा अजून जिवंत होता. एवढं मोठं डोकं आणि त्याच्यामागे अंग म्हणून नुसती कातडी. तोंड उघडत होता, मिटत होता. पिंजऱ्याचं तोंड आत निमुळतं होत जातं; शिरता येतं, निघता येत नाही. एक मासा मरतो, त्याच्या वासाने दुसरा येतो. धरणारं कुणी नाही, खाणारं कुणी नाही, आणि पिंजरा आपला चार महिने काम करतोय.

अवनीने तोंड फिरवलं.  पाणातिपाता, प्रियदर्शिनीला आठवलं. आईने गमतीत म्हटलेलं.

पाक सामदनी सुरी काढली, मागच्या बाजूची नायलॉनची दोरी कापली आणि तो मासा दोन्ही हातांनी पाण्यात सोडला. तो जरा वेळ तसाच तरंगला, मग शेपूट हलली आणि खाली गेला.

"हे कशाने बांधलंस?" त्यांनी कोहना विचारलं. आवाज चढला नव्हता, पण कोह शाळेतल्या मुलासारखे उभे राहिले.

"नायलॉनने. मजबूत म्हणून. पुस्तिकेत फक्त 'मागची बाजू बांधावी' एवढंच आहे. फिल्ममध्ये ते दिसत नाही."

"कसं दिसणार? ती गाठ बोटीत मारायची असते, पिंजरा सोडायच्या आधी. तुझा कॅमेरावाला लाटा बघून जेट्टीवरच बसला होता."

आकडा पुन्हा पाण्यात गेला. दुसऱ्या खेपेला दोरी ताठ झाली आणि पाक सामदच्या चेहऱ्यावर सुरकुत्यांचं एक मोठं जाळं उमटलं. "आला."

त्यांच्या पिंजऱ्यात पाच मासे होते, लखलखणारे, फटाफट उड्या मारणारे. दोन लहान त्यांनी लगेच परत सोडले. मग पिंजरा उलटा करून त्यांनी प्रियदर्शिनीचं बोट धरलं आणि मागच्या बाजूच्या एका चौकोनावर ठेवलं. छोटंसं दार. वरून कामट्यांसारखंच दिसणारं, पण एका धाग्याने बांधलेलं. तागाची साधी सुतळी. वाण्याच्या पुडीला असते तसली.

"ओढ."

तिने ओढली. सुतळी अर्धवट कुजलेली होती, बोटाला तिचे तंतू लागले, एक तुकडा हातातच आला.

"तीनेक आठवड्यांत तुटते," पाक सामद म्हणाले. "मी आजारी पडलो, वादळ आलं, जागा विसरलो, मेलो. काहीही होऊ दे. सुतळी कुजते, दार पडतं, मासे आपल्या वाटेने जातात. माझा बाप म्हणायचा, आपण नसलो तर आपला पिंजराही नसला पाहिजे."

प्रियदर्शिनीची बोलती बंद झाली. जानेवारीपासून पहिल्यांदाच. एवढा मोठा समुद्र, एवढी जहाजं, धुरांडी, क्रेन, आणि या सगळ्याच्या खाली एका माणसाने आपल्या मरणाचा विचार करून बांधलेली वीतभर सुतळी! 

मग तिचा आवाज परत आला, आणि त्याच्यासोबत पप्पांचा प्रश्नही.

"पाक सामद, तुम्हाला हे करावंच लागलं का? म्हणजे, तुमच्या बाबांनी जबरदस्ती केली?"

"बापाने? तो म्हणत होता, शिपयार्डात जा. मीच पळून बोटीत बसायचो. मग बेट गेलं, तेव्हा हेही सुटलं, ते कित्येक वर्षांनी पुन्हा धरलं. कुणी विचारलं नाही." त्यांनी टोपी सारखी केली. "माझा नातू नर्स आहे. त्याला मी म्हटलं, तू नर्सच हो. त्याला बोट लागते."

परतीच्या वाटेवर मिस्टर कोह त्या शेवाळलेल्या पिंजऱ्याशेजारी बसले होते, मांडीवर पुस्तिका उघडी. पेनाने ते समासात काहीतरी लिहीत होते आणि खोडत होते. "लिहून किती लिहिणार," ते स्वतःशीच म्हणाले. मग तिच्याकडे बघून, "तुझा प्रश्न बरोबर होता."

"सर," ती म्हणाली, "अठरावा फॉर्म आहे तुमच्याकडे?"

दुपारी दार उघडलं तेव्हा आईने आधी नाक मुरडलं. "काय ग हा वास! थेट न्हाणीघरात."

"आई, तुझी इमारत समुद्रातून अर्धी दिसते! अर्धीच दिसली पाहिजे! तू नोकरी सोडायची नाहीस, ऑफिसला हलू द्यायचं नाहीस!"

"हिला ऊन लागलंय," आई पप्पांना म्हणाली.

पप्पांनी लॅपटॉप मिटला. प्रियदर्शिनी उभ्याउभ्याच सगळं सांगत सुटली. दोन रेघा, दोन बोटांवरची दोरी, तो डोक्याएवढा उरलेला मासा. सुतळीपाशी आली तेव्हा तिचा वेग कमी झाला. खिशातून तिने तो कुजका तुकडा काढून टेबलावर ठेवला. पप्पांनी तो उचलला, संशोधकाच्या सवयीने उजेडाकडे धरला, तंतू सुटे करून पाहिले. 

"हे त्यांना कुणी शिकवलं?"

"त्यांच्या बाबांनी. आणि पप्पा, तुमचा प्रश्न मी तिथं विचारला. तुमच्या पणजोबांना ते काम सोडू देत नव्हते. पाक सामदना त्यांचं काम कित्येक वर्षं करता आलं नाही. दोन्ही वेळा, तुला काय हवंय, हे कुणी विचारलंच नाही." तिने भिजून सुकलेला, कोपरे वळलेला फॉर्म सुतळीशेजारी ठेवला. "मला विचारलंय. सरकारी शिक्क्यासह. सोमवारपर्यंत उत्तर द्यायचंय."

आई ओल्या हातांनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती.

"तर माझं ठरलंय," प्रियदर्शिनी म्हणाली. "एक वर्ष, दर शनिवारी, मी पाक सामदच्या बोटीत जाणार आणि ती गाठ शिकणार. मी परवानगी मागत नाहीये, सांगतेय. फक्त पप्पा, इथं खाली तुमची सही लागेल."