गियरच्या दांड्यावरचा हात

"कान लाव इथे. ऐकू येतंय? गुणगुणतोय बघ."

हा आवाज मी फार फार पूर्वी ऐकला. आमच्या मालकांनी आपल्या चिमुरड्या लेकीला मांडीवर घेतलं होतं आणि तिचा कान गियरच्या दांड्याला टेकवला होता. "बाबा, याच्या पोटात कोण राहतं?" तिने विचारलं. दांड्याच्या तळाशी, काळोखात, तेलाने माखलेला मी होतो. माझ्याबद्दल कुणी विचारावं, असं त्याआधी कधी घडलं नव्हतं, आणि त्यानंतरही फारसं घडलं नाही.

मित्रांनो, मी एका जुन्या भाड्याच्या गाडीचा गियरबॉक्स आहे. आता मिस्त्रींच्या गॅरेजात, टायरांच्या ढिगाला टेकून, उघड्या पोटाने पडलो आहे.

जन्मलो तेव्हा माझा दात न् दात घासून गुळगुळीत केला होता. मला तेलाने न्हाऊ घातलं आणि गाडीखाली बसवलं. तिथे गेल्यावर कळलं, की कौतुक इंजिनाच्या वाट्याला जातं आणि चकाकी पत्र्याच्या. माझ्या वाट्याला आली धूळ, चिखल आणि खड्ड्यांतले दगड. इंजिन नुसतं जोर काढतं. चढावर किती जोर आणि सपाटीला किती वेग, ते चाकांना मी वाटून देतो. पण हे सांगायला मला तोंड कुठे आहे?

मालक रोज सकाळी बॉनेट पुसत, आरसे पुसत. माझं तेल बदलायचं मात्र त्यांच्या मनातही आलं नाही. मिस्त्रींनी आठवण करून दिली, की ते म्हणत, "आवाज करतोय का तो? नाही ना? मग राहू दे."

तसा त्यांचा माझ्यावर जीव होता. गियर टाकून झाला तरी त्यांचा हात दांड्यावरून हलत नसे. लेकराच्या डोक्यावर ठेवावा, तसा तळहात दांड्यावर ठेवून ते मैलोन्मैल जात. स्टँडवरचे ड्रायव्हर चिडवत, "काय हो, वहिनींचा हात कधी इतका वेळ धरलात का?"

"ती ओरडते रे," मालक हसत, "हा बिचारा ओरडत नाही."

नव्हतोच ओरडत. माझ्या आत चिमट्यासारखा एक फोर्क असतो. दांडा हलला, की तो एका फिरत्या कड्याला ढकलतो आणि गियर पडतो. मग त्याला मोकळं सोडायचं असतं. हात दांड्यावर तसाच राहिला, तर फोर्क त्या फिरत्या कड्यावर घासत राहतो. कणाकणाने, गुपचूप झिजतो. मित्रांनो, मला दगडांनी मारलं नाही. मला त्या मायेच्या हातानेच खाल्लं.

लेक मोठी झाली. तिच्या डोक्यात एकच वेड होतं, गाडी चालवायची आणि त्यावरच पोट भरायचं. मालकांनी शब्द दिला होता, "लायसन्स येऊ दे, सकाळच्या सगळ्या फेऱ्या तुझ्या." ती शिकू लागली आणि मला पहिल्यांदा सुख कळलं. चिमण्यांना दाणे टाकून माणूस मागे सरतो ना, तशी ती गियर टाकून हात काढून घ्यायची. स्वतःशीच गुणगुणायची,

पहिला गियर बाई, उठून उभा राही
दुसरा गियर बाई, दाराबाहेर पाही
तिसरा गियर बाई, वाऱ्याशी बोलू जाई
चौथ्याला पोचली, ती मागे फिरत नाही

लायसन्स आलं. मागे बसलेल्या एक बाई एकदा म्हणाल्या, "पोरगी तुमच्यापेक्षा छान चालवते हो! धक्का म्हणून बसत नाही."

"हं," मालक म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

मग तो दिवस आला. स्टँडजवळच्या चढावर तिने तिसरा गियर टाकला, पण झिजलेल्या फोर्कला तो धरवला नाही. गियर सुटला. तिने पुन्हा टाकू पाहिला, तसा मी पहिल्यांदा ओरडलो, खर्रकन, साऱ्या रस्त्याला ऐकू जाईल असा. गाडी मागे घसरली आणि उभ्या गाडीचा दिवा फुटला. कुणाला लागलं नाही. पण सगळे ड्रायव्हर जमले आणि शेजारी बसलेल्या मालकांकडे बघू लागले.

"हिने गियर ओरबाडला," मालक खाली उतरत म्हणाले. "हिच्या हाताला गियर कळतच नाही. उगाच हट्ट पुरवला."

सगळे हसले. कुणीतरी तिला 'खडखडबाई' म्हणालं आणि ते नाव तिला चिकटलं.

मिस्त्रींनी मला उघडलं, फोर्क बाहेर काढला आणि उजेडात धरला. "दादा, हा एका बाजूने खाल्लाय. हे एका दिवसाचं काम नाही. नवशिक्याचं तर नाहीच. तुम्ही दांड्यावर हात ठेवून..."

"फोर्क बदल," मालक म्हणाले, "आणि हे तुझ्या-माझ्यात राहू दे."

मिस्त्रींनी फडक्याला हात पुसले. रोजच्या गिऱ्हाइकाला कोण दुखावणार? मला नवा फोर्क मिळाला, नवं तेल मिळालं आणि वर पुन्हा तोच हात आला. लेकीने दोनदा चावी मागितली. दुसऱ्यांदा मालक म्हणाले, "पुन्हा हसं करून घ्यायचंय?" तिसऱ्यांदा तिने मागितली नाही. ती कपड्यांच्या कारखान्यात काज करायच्या मशीनवर बसू लागली. कामाला जाताना स्टँड टाळून लांबच्या गल्लीने जायची. घरात मात्र तो किस्सा पाहुण्यांना हसत सांगितला जायचा, आणि हसणाऱ्यांत तीही असायची.

मित्रांनो, तुमच्या घरी गाडी असेल, तर माझं ऐका. गियर टाकलात की हात काढून घ्या. तेल वेळेवर बदला. मुकाट चालतंय म्हणून सगळं ठीक आहे असं समजू नका. आणि काही मोडलंच, तर आधी आपला हात बघा, मग शेजारच्याचा.

आता गाडी भंगारात गेली आहे. आज मला न्यायला भंगारवाला आला. शेवटचं बघून घ्यावं म्हणून मालक आले. आता त्यांना एकट्याने चालवत नाही, म्हणून लेकीने हाताला धरून आणलं होतं. तिचे केस पिकू लागलेत.

"हा आधी कधी मोडला होता का?" भंगारवाल्याने सहज विचारलं.

"हो, माझी करणी," ती सवयीने हसली. "मीच मोडला तो. विचारा बाबांना."

मिस्त्रींनी मान खाली घातली. मालक या किश्श्याला नेहमी हसायचे. आज हसले नाहीत. लेकीच्या हातातून त्यांनी आपला हात सोडवून घेतला.

"फोर्क माझ्या हाताने झिजला होता," ते म्हणाले. "मला त्याच दिवशी कळलं होतं. तुझा हात चांगला होता, पोरी. माझ्यापेक्षा चांगला. आणि तेच मला बघवलं नाही."