घासलेला सांधा

गेटवाल्याच्या गेटांवर सांधा दिसत नाही, अशी त्याची ख्याती होती. वेल्डिंग झालं की तो ग्राइंडर घेऊन बसायचा आणि जोडावरची फुगलेली रेघ घासून घासून अशी सपाट करायचा की हात फिरवला तरी कळू नये. गेटाला ते चालतं. गेट आपलं जागच्या जागी उभं असतं, फार तर पोरं त्यावर लोंबकळतात. मोटारसायकलचं तसं नाही, आणि एवढंही न कळण्याइतका गेटवाला बावळट नव्हता. म्हणूनच आपल्याला माफी नाही, असं निदान त्याचं स्वतःचं मत होतं.

मोटारसायकल त्याने धाकट्या बहिणीसाठी बांधली. तिचा डावा पाय जन्मापासून आखूड. तपासणीसाठी लोकांच्या रक्ताचे नमुने गोळा करत ती दिवसभर घरोघर हिंडायची, आणि संध्याकाळी कंबर धरून बसायची. दुकानातल्या कुठल्याही गाडीवर बसली की तिचा तो पाय अधांतरीच राही. शेवटी गेटवाला म्हणाला, "गाडीच तुझ्या मापाची करू. तू कशाला गाडीच्या मापाची व्हायचं?"

इंजिन आणि चाकं जुनी मिळाली. चौकट मात्र त्याने घरामागच्या शेडमध्ये स्वतः नळ्या वाकवून केली, चांगली बुटकी आणि डावीकडे जरा जास्तच उतरती. मागचं चाक ज्यात बसतं तो चिमटाही घरचाच. त्याच्या एका टोकाला चाक, दुसऱ्या टोकाला एक आडवी नळी, आणि त्या नळीवर अख्खा चिमटा वरखाली हलणार. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याचा दणका त्या आडव्या नळीच्या सांध्याने सोसायचा होता.

नेमका तोच सांधा बिघडला. त्या दिवशी घरचे सगळे गाडी बघायला यायचे होते. त्यात बायकोचा भाऊही होता. तो गाड्यांच्या शोरूममध्ये विक्रीला, आणि नाकाने कांदे सोलण्यात पटाईत. "भाऊजी, गाडी करताय की फाटक?" असं त्याने आधीच विचारून ठेवलं होतं, आणि ते गेटवाल्याला फार झोंबलं होतं. वेल्डिंगच्या सळया उघड्या पाकिटात राहून दमट झालेल्या. त्या आधी शेगडीवर शेकून घ्यायच्या असतात. वेळ नव्हता, त्याने तशाच वापरल्या. वर सवयीने ग्राइंडर फिरवला, तर जोडाच्या पोटातून पावासारखी बारीक भोकं वर आली.

खरं म्हणजे जोड कापून पुन्हा करायला हवा होता. त्याऐवजी त्याने रंगारी पत्र्यावरचे खळगे बुजवायला वापरतात ती लांबी घेतली, अंगठ्याने भोकांत दाबली, वाळल्यावर घासली आणि वरून निळा रंग मारला. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पाहुणे आले. बायकोच्या भावाने खाली बसून चिमट्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "सांधा कुठंय?"

"दादाच्या कामात सांधा शोधायचा नसतो," धाकटी म्हणाली. तिचा चेहरा नुसता फुलला होता. सगळे गेटवाल्याकडे बघत राहिले. एवढं कौतुक त्याला स्वतःच्या लग्नातसुद्धा मिळालं नव्हतं, आणि ते त्याने मान खाली घालून, विनयाने वगैरे, घेतलं.

मग सुरू झाली ती खवखव. खाई त्याला खवखवे म्हणतात ते उगाच नाही. धाकटी रोज संध्याकाळी कामावरून परतताना डोकावायची, आणि तो हातातलं काम टाकून बाहेर यायचा. "कशी पळते गाडी?" "मागून आवाज नाही ना येत?" ती हसून म्हणायची, "लोण्यासारखी पळते." तिची पाठ वळली की तो सांध्याजवळ वाकून रंगाला तडा गेलाय का ते बघायचा. तडा नसायचा. आजचा दिवस निभावला असं वाटायचं, आणि तसं वाटल्याची पुन्हा लाज वाटायची. दोन-तीनदा तो म्हणाला, "ठेवून जा, चेन सैल वाटतेय." तिने ऐकलं नाही. "दादा, गाडी बनवलीस ना? मग आता चालवू दे की."

एके दिवशी सकाळी ती आली ती मागे छोटी गादी बसवून घेऊनच. आईला डोळे दाखवायला टेकडीवरच्या दवाखान्यात न्यायचं होतं.

"रिक्षाने जा ना," तो म्हणाला.

"लहानपणी आईने मला कडेवर घेऊन कुठे कुठे नेलं," धाकटी म्हणाली. "आज पहिल्यांदा मी तिला नेतेय. तुझ्यामुळे."

आता बोलावं, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं. पण त्या 'तुझ्यामुळे'नंतर त्याला ते सांगवेना. आईने त्याच्या खांद्याचा आधार घेतला, त्याने तिला उचलून नीट बसवलं, पदर चाकात जाऊ नये म्हणून खोचून दिला. गाडी मागून दबली. "सावकाश जा," एवढंच तो बोलला. स्वतःच्या हाताने त्याने आईला त्या सांध्यावर बसवलं होतं.

त्या सकाळी खिडकीची जाळी करताना त्याने दोन ठिकाणी पट्टी जाळून आरपार भोक पाडलं. रस्त्यावर कुणी जोरात ब्रेक मारला की तो काम टाकून दारापर्यंत धावायचा. दुपारी दोघी आल्या. आई खुशीत होती. "काही म्हण, खड्डे कळतच नाहीत बाई," ती म्हणाली. गेटवाल्याने या वेळी विचारलंच नाही, किल्ली काढून घेतली. चेनचं काम आहे म्हणाला. म्हणजे अजूनही खोटंच.

चिमटा सोडवून त्याने टेबलावरच्या शेगड्यात, त्या लोखंडी पकडीत, आवळला आणि दुसऱ्या टोकात लांब पाइप घालून रेटला. सगळा भार टाकावाही लागला नाही. सांधा उकलला. निम्म्याहून जास्त जागी नुसती लांबी होती, आणि खरं लोखंड एका कडेला, करंगळीएवढं. तेवढ्यावर बसून आई टेकडी उतरून आली होती. तो खाली फरशीवर बसला आणि रडला. स्वयंपाकघरातून बायकोला ऐकू जाऊ नये म्हणून दंडात तोंड खुपसून रडला.

मग उठून त्याने तुटकी नळी कापून बाजूला ठेवली. सळया शेकल्या. नवी नळी जोडली, दोन्ही बाजूंनी पट्ट्या मारल्या. ग्राइंडरला हात लावला नाही. जाड, गाठाळ रेघ तशीच ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी धाकटी गाडी न्यायला आली. "हे काय रे?" ती म्हणाली. "आधीचा किती सुरेख होता. एवढं घासून दे की."

थाप जिभेवर तयार होती. पण तो आत गेला आणि तुटका तुकडा आणून तिच्या हातात दिला. मग दमट सळयांपासून रंगापर्यंत सगळं सांगितलं. धाकटीने नखाने लांबीचा एक कपचा उडवला.

"तुला कधी कळलं?"

"रंग द्यायच्या आधीच."

"म्हणजे आई बसली तेव्हा माहीत होतं."

"हो."

तिने तुकडा उलटा करून ती भोकं उजेडात धरली. ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"आता पक्का आहे?"

"आता हत्ती बसला तरी काही होणार नाही."

"मग वहिनीला मागे बसव आणि टेकडीवर जाऊन ये."

बायको हात पुसत बाहेर आली. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. फिरायला जायचंय एवढंच तिने ऐकलं, आणि लगेच मागच्या गादीवर बसलीसुद्धा. गेटवाल्याने हॅंडल धरलं, किल्ली फिरवली. मग किल्ली परत फिरवून तो खाली उतरला.

"थांब हं," तो बायकोला म्हणाला, "एकदा बघून घेतो."

गुडघे टेकून, मान वाकडी करून तो सांध्याभोवती बोट फिरवू लागला. वरची बाजू, खालची बाजू, पट्ट्यांच्या कडा. धाकटी त्याच्या डोक्याशी उभी होती.

"वहिनी बसली की वाकून बघता येतं तर तुला," ती म्हणाली.

तो तसाच गुडघ्यांवर बसून राहिला. वर बघायची त्याची छाती झाली नाही.