धारेपलीकडचा निवारा

टेलरबाईंचं दुकान शनिवार-रविवार बंद म्हणजे नवलच. गिऱ्हाइकांना त्यांनी सांगितलं, डोंगरात चालले, हवापालट करायला. हवापालट कसला डोंबलाचा! तिकडे डोंगरवाटेवर चढणाऱ्यांच्या मुक्कामासाठी निवारे होते; त्यातल्या तिसऱ्यावर त्यांची लेक राखणदार होती, आणि दोन वर्षांत मायलेकींनी एकमेकींचं तोंड पाहिलं नव्हतं. नणंदेला हे ठाऊक होतं, म्हणून तर ती बिचारी कुरकुरत का होईना, बरोबर निघाली.

भांडण दुकानावरूनच झालेलं. लेकीचं मन मशीनवर रमेना, तिला डोंगर हवे होते. बाई म्हणाल्या, गेलीस तर पुन्हा तोंड दाखवू नकोस. रागात माणूस काय वाट्टेल ते बोलतो, पण पोरीने ते अक्षरशः पाळलं. खाण तशी माती, दुसरं काय!

आता बाईंना तिला फक्त एकदा डोळे भरून बघायचं होतं. बोलली नाही तरी चालेल, नुसती बघू दे.

हवेने मात्र छळ मांडला. घटकेत ऊन, घटकेत पाऊस. रेनकोट चढवावा तर घामाने भिजायचं, उतरवावा तर पावसाने. पहिल्या निवाऱ्यावर चहा घेऊन दोघी पुढे निघाल्या. दुसरा गाठेपर्यंत बाईंच्या गुडघ्याचा भोपळा झाला, आणि तिसऱ्या निवाऱ्याकडे जाणारी डोंगराची धार समोर धुक्यात पार गडप झाली.

दुसऱ्या निवाऱ्याचा राखणदार पिकल्या मिशांचा, मायाळू होता. त्याने दोघींना ओले मोजे चुलीजवळ वाळत घालायला लावले आणि तो वायरलेसपाशी बसला. रोज संध्याकाळी सगळे राखणदार एकमेकांना हवा आणि मुक्कामाची माणसं कळवतात, असं तो सांगत होता. एवढ्यात डबा खरखरला.

तोच आवाज. जरा भरडा झालेला, पण तोच. उद्या धारेवर कुणालाही सोडू नका, म्हणत होती. वारा उभं राहू देत नाही. तुमच्याकडे कोण कोण आहे?

राखणदाराने सांगितलं, दोन बायका आहेत. एकीचा गुडघा सुजलाय, तरी काही करून तुमच्याकडे यायचंच म्हणते.

नणंद उठलीच. आई आलीय म्हणून सांगा, हे तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. बाईंनी दंड धरून तिला खाली बसवलं.

"गप्प बस," त्या हळूच म्हणाल्या. "कळलं तर ती निघेल. अशीच, या वाऱ्यात. मी ओळखते तिला."

नणंदेच्या डोळ्यांत पाणी आलं. बाईंच्या नाही, त्यांचा सगळा जीव कानांत गोळा झाला होता.

त्या मावशींचा गुडघा शेकायला गरम पाणी द्या, लेक सांगत होती. सकाळी आल्या वाटेनेच सावकाश खाली जाऊ द्या, हातात काठी द्या. येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना सांगायचं ते हे बोलणं. पण बाई प्रत्येक शब्दाला मान डोलवत होत्या.

मग ती म्हणाली, "आणि वाईट वाटून घेऊ नका म्हणावं. हवा निवळली की पुन्हा या. मी इथेच आहे."

राखणदाराने वळून बघितलं आणि काय सांगू, असं विचारलं.

"येते म्हणावं," बाई म्हणाल्या. "नक्की येते."

त्याने ते तसंच्या तसं कळवलं.

"या हं, मावशी," लेक म्हणाली, आणि वायरलेस बंद झाला.