न पाहिलेला सिनेमा

मी एक जुना सिनेमा आहे, मित्रांनो. मला नावे ठेवणारे पुष्कळ भेटले, डोक्यावर घेणारेही भेटले, पण मला बघणारे फारच थोडे. सध्या माझा मुक्काम एका कपाटाच्या माथ्यावर, पत्र्याच्या डब्यांत आहे. शेजारी एक बंद पडलेली इस्त्री आणि जुन्या चादरींचे गाठोडे. दोघांनाही बोलायची हौस नाही.

मला फोटोकाकांनी बनवले. त्यांचा फोटोंचा स्टुडिओ होता. लग्न असले की ते कॅमेरा खांद्यावर टाकून जायचे आणि नवरा-नवरीची फिल्म काढायचे. पोट त्यावर चालायचे, जीव मात्र माझ्यात अडकलेला. माझी गोष्ट साधी आहे. चर्चमध्ये घंटा वाजवणारा एक माणूस असतो. त्याची लहान मुलगी ट्रकखाली सापडते. तो घंटा सोडतो, प्रार्थना सोडतो, देवाशी कडकडून भांडतो. शेवटी एक दिवस तो त्या ट्रकवाल्याच्या घरी जातो. दार उघडते. कोणी एक शब्द बोलत नाही. ट्रकवाला खुर्ची पुढे करतो आणि हा तिच्यावर बसतो.

माझे काम सुट्टीच्या दिवशी चालायचे. काकूंनी घरचे पडदे उसवून कपडे शिवले. घंटावाल्याचे काम गावच्या पोस्टमनने केले. मुलीचे काम करणारी पोर ऐन अपघातात खुदकन हसायची, मग सगळे पुन्हा पहिल्यापासून. काकांचे थोरले भाऊ चर्चचे खरेखुरे पाळक, म्हणजे धर्मगुरू, होते, म्हणून सिनेमातला पाळकही तेच झाले. मधल्या रिळात ते घंटावाल्याला क्षमेवर उपदेश करतात. खरे सांगतो, तो उपदेश संपता संपत नाही. काकू आत जाऊन सगळ्यांचा चहा करून आल्या, तरी चालूच होता. पण थोरल्या भावाला थांबवणार कोण?

मी तयार झालो तेव्हा काकांची एकच इच्छा होती. "आपली चर्चमधली माणसं बघतीलच गं," ते काकूंना म्हणाले, "पण खऱ्या थिएटरात, तिकीट काढून आलेल्या परक्या माणसानं हा बघायला हवा. एकदा तरी." ऐकून ऐकून तीच माझीही इच्छा झाली.

थिएटरांना सिनेमे पुरवणाऱ्या एका कंपनीकडे मला पाठवायचे ठरले. त्याच दिवशी एका घरी लग्नाची फिल्म पोचवायची होती. रिळे दिसायला सारखी आणि काकांची नेहमीची धांदल, त्यात रिळे भलत्याच डब्यांत भरली गेली. मी गेलो लग्नघरी, नवरा-नवरी गेली कंपनीत.

लग्नघरी पाहुणे जमवून, दिवे मालवून मला लावण्यात आले. भिंतीवर घंटावाला उगवला. नवरीची आई बराच वेळ निरखून बघत राहिली आणि मग हळूच म्हणाली, "हे कोण? त्यांच्याकडचे का?" त्यांच्याकडच्यांनीही हात वर केले, आणि मला बंद करण्यात आले.

काका कपाळाला हात लावून कंपनीत धावले. पुढचे मी त्यांच्याच तोंडून इतक्यांदा ऐकले आहे की पाठ झाले आहे. माझ्या डब्यावर काकांनी छोटासा क्रूस रंगवला होता, आणि त्यातच आता लग्नाची फिल्म होती. कंपनीच्या साहेबांनी तो डबा त्यांच्यापुढे सरकवला.

"बघितला हो तुमचा सिनेमा. उपदेश जरा जास्त झालाय. ख्रिस्ती विषय ना? आमचा प्रेक्षक नाही येत अशाला."

"आणि शेवट?" काकांनी विचारले.

"शेवट छान जमलाय."

त्या फिल्मच्या शेवटी नवरीचे मामा आइस्क्रीम खात होते.

काका घरी आले ते हसतच आले. पण जेवायला बसल्यावर त्यांनी ताट बाजूला सारले. "डब्यावरचा क्रूस बघितला आणि निकाल देऊन मोकळा झाला," ते म्हणाले. ते खरेच होते. पुढे आणखी काही कंपन्यांनीही नुसता विषय ऐकून पाठ फिरवली. एका ऑफिसात तर माझ्या डब्यांचा उपयोग चहाचे कप ठेवायला झाला. मला फार अपमान वाटला.

मग चर्चच्या हॉलमध्ये माझा खेळ झाला. काका दारात सगळ्यांचे स्वागत करत होते, प्रोजेक्टरवर त्यांचा भाचा होता. त्याने दुसऱ्या रिळाच्या जागी तिसरे लावले. त्यामुळे मुलीला पुरून झाले आणि नंतर ती दप्तर घेऊन उड्या मारत शाळेत गेली. मी शरमेने अर्धमेला झालो. आता कोणीतरी ओरडेल म्हणून वाट पाहिली. कोणाच्या कपाळावर आठीसुद्धा नाही! शेवटी सगळी मंडळी उभी राहिली, टाळ्यांचा कडकडाट झाला, पाळकांनी तोंडभरून कौतुक केले.

घरी जाताना काकू म्हणाल्या, "त्यांनी न बघता नाही म्हटलं, यांनी न बघता वा म्हटलं. अहो, आपला सिनेमा बघितला कोणी?"

दुसऱ्या दिवशी काका मला आणि काकूंना घेऊन थेट गावातल्या थिएटरच्या मालकीणबाईंकडे गेले. "वेळ असेल तरच बघा," म्हणाले.

बाईंनी चपला काढल्या, पाय वर घेतले आणि रिकाम्या थिएटरात मधोमध एकट्या बसल्या. मित्रांनो, आपल्याला कोणी खरेच बघत असले की कळते. मुलगी हसली तेव्हा त्या हसल्या. उपदेश सुरू झाल्यावर त्यांनी दोनदा जांभई दिली. आणि खुर्ची पुढे आली तेव्हा पदर तोंडाला लावला. तेवढा वेळ मी एकटा नव्हतो.

बाहेर येऊन त्या म्हणाल्या, "क्रूस दिसला की नाक मुरडणारे आमच्या धंद्यात आहेत, मी नाही म्हणणार नाही. पण माझं तसं काही नाही. ते पाळकांचं भाषण तेवढं कापा. तो तिथं का गेला ते त्याच्या चेहऱ्यावर दिसतंय की! कापून आणा, मी रविवारचा दुपारचा खेळ देते."

काकांचा चेहरा उतरला. दादाला कसे कापायचे? मंडळी काय म्हणतील? "म्हणजे तुम्हीही त्यातल्याच," ते म्हणाले, आणि डबे उचलून निघाले.

"अहो, तिनं बघितला होता," काकू मागून म्हणत राहिल्या. काका थांबले नाहीत.

तेव्हापासून मी इथे वर आहे. पाळक वारले. थिएटर पाडून तिथे फर्निचरचे दुकान झाले. घरी पाहुणे आले की काका आपल्यावर झालेल्या अन्यायाची, त्या लग्नाच्या फिल्मची गोष्ट रंगवून सांगायचे. पाहुणे पोट धरून हसायचे. पण "लावा बघू तो सिनेमा" असे कोणीच म्हणायचे नाही. वर बसून ते हसणे ऐकताना मला फार एकटे वाटायचे.

पुढे काकांची दृष्टी गेली. परवा एका दुपारी ते अचानक म्हणाले, "लाव गं आपला सिनेमा. दादाचा आवाज तरी ऐकू दे."

काकूंनी पडदे ओढून मला भिंतीवर लावले. उपदेश सुरू झाला तसे काका ताठ बसले, ओठांवर हसू आले. मग ते हसू ओसरले. ते चुळबुळू लागले.

"किती बोलतो गं हा दादा!"

"अजून आहे," काकू म्हणाल्या.

काका बराच वेळ ऐकत राहिले. "कापायला हवं होतं," ते म्हणाले. काकूंनी त्यांचा हात हातात घेतला.

मग सगळे शांत झाले. "आता काय चाललंय?"

"दार उघडलं. खुर्ची पुढे केली."

"बसला?"

"बसला."

काका रडले. मीही रडलो असतो, पण मला तशी सोय नाही.

मित्रांनो, मला चांगला म्हणा असा माझा हट्ट नाही. क्रूस पाहून तोंड फिरवू नका आणि क्रूस पाहून टाळ्याही वाजवू नका. आधी बघा, मग खुशाल नावे ठेवा. आणि तुम्ही केलेले काही कोणी मन लावून बघितले, तर त्याचे बोलणे ऐकून घ्या, डबे उचलून निघून जाऊ नका. त्या थिएटरवाल्या बाई आता कुठे असतात कोणास ठाऊक. तुम्हाला कधी भेटल्याच, तर त्यांना एवढे सांगा, काकांना तुमचे पटले.