परत आलेली लस

मित्रांनो, सध्या मी हेर्दिसच्या तळघरात असते आणि माझ्या पोटात बियाण्याचे बटाटे असतात. पाहणाऱ्याला वाटते, ही बटाट्यांचीच पेटी. तसे नाही. मी लस वाहून नेणारी जुनी पेटी आहे. निळे अंग, पांढरे झाकण आणि एका कोपऱ्याला पडलेला खळगा. या खळग्यामागे काही शौर्याची गोष्ट नाही. धक्क्यावर शेवाळ होते, हेर्दिस घसरली आणि मी खडकावर आपटले, एवढेच. आता आरोग्य केंद्रात नव्या पेट्या आल्या आहेत. आतली थंडी किती आहे ते त्यांच्या अंगावर आकड्यांत दिसते. माझ्या अंगावर काहीच दिसत नसे, म्हणून मला निवृत्त केले. हेर्दिसने मला कचऱ्यात जाऊ दिले नाही, घरी आणले.

माझा जन्म झाला त्या कारखान्यात कोळ्यांसाठी मासे ठेवायच्या पेट्या बनत. माझ्या बहिणी मासळी घेऊन समुद्रावर गेल्या. मला मात्र नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका छोट्या आरोग्य केंद्राने विकत घेतले. तिथली परिचारिका म्हणजे हेर्दिस. पहिल्या दिवशी तिने मला गरम पाण्याने धुतले, माझ्यात नाक खुपसून वास घेतला आणि म्हणाली, "बरं झालं, माशांच्या आधी तू मला सापडलीस."

काम तिनेच शिकवले. तळाशी गोठवलेल्या पिशव्या, त्यावर लोकरीच्या कापडाची घडी आणि तिच्यावर लस. लसीला थंडावा हवा असतो, पण बर्फाचा स्पर्श सोसत नाही. गोठली की ती गेलीच. ऊबही नको आणि बर्फही नको, असा मधला गारवा मी वर्षानुवर्षे सांभाळला.

दर शरदात आम्ही दोघी बोटीने बेटाबेटांवर फ्लूची लस घेऊन जायचो. लाटा उसळल्या की हेर्दिस मला मांडीवर घेऊन घट्ट धरायची. लहान मुले मला पाहताच लाकडाच्या ढिगामागे लपायची. म्हातारी माणसे मात्र बाह्या वर करूनच बसलेली असायची. वाल्बोर्ग नावाच्या आजी माझ्या झाकणावर थाप मारून म्हणायच्या, "निळी आली. आता हिवाळा आला म्हणायचा." मग कॉफी, गरम वॉफल आणि त्यावर तपकिरी चीजचे पातळ काप. मला त्यातले काही मिळत नसे, पण वास मिळत असे.

त्याच बेटांपैकी एकावर ओडवार राहायचा. फेरीबोटीच्या इंजिनघरात त्याने आयुष्यभर नोकरी केली होती. निवृत्त झाल्यावर तो एकटाच होता. सत्तरी ओलांडली तरी त्याने ही लस कधी घेतली नव्हती. हेर्दिसने विचारले की हसायचा. "मी खारवलेला मासा आहे ग. मला कसला रोग लागतोय?"

त्या वर्षी मात्र हेर्दिस हसली नाही, कारण ओडवार प्रवासाला निघाला होता.

त्याची थोरली बहीण योरून लग्न होऊन डेन्मार्कला गेली होती आणि ऑलबोर्ग शहरातल्या एका वृद्धाश्रमात राहत होती. नोव्हेंबरच्या शेवटी तिला ऐंशी वर्षे पूर्ण होणार होती. तिने भावाला बोलावले होते. कित्येक वर्षांत तिने केलेले ते पहिलेच बोलावणे होते.

आम्ही गेलो तेव्हा ओडवार होडीच्या खोपटात होता. बहिणीसाठी मेंढीची खारवलेली तंगडी वाळवत टांगली होती, आणि तिच्याखाली बसून तो होडीला डांबर लावत होता. हेर्दिसने मला एका उलट्या बादलीवर ठेवले.

"ऐकलं, योरूनकडं निघालास म्हणे," ती म्हणाली.

"निघालोय. तिला एक गोष्ट सांगायचीय." थोडा वेळ तो नुसता ब्रश फिरवत राहिला. मग म्हणाला, "आईच्या अंत्यविधीला तू होतीस ना चर्चमध्ये?"

"होते."

"मग तुला ठाऊक आहे."

ठाऊक नव्हते ते फक्त मला. पण पुढे त्याने ते स्वतःच सांगितले. आई अंथरुणाला खिळून होती तेव्हा तिचे सगळे ओडवारने केले. योरून डेन्मार्कहून आली ती थेट अंत्यविधीलाच. ती घरच्यांसाठी राखलेल्या पुढच्या बाकावर बसायला आली, तेव्हा सगळ्या गावासमोर तो म्हणाला होता, "पुढचा बाक इथं राहिलेल्यांसाठी आहे." ती काही न बोलता मागे जाऊन बसली. त्यानंतर ती बेटावर कधी आली नाही. नाताळला दोघांची कार्डे जायची, फोनवर हवापाण्याचे बोलणे व्हायचे.

"माझं चुकलं, एवढंच म्हणायचंय," ओडवार म्हणाला. "पण हे कार्डावर लिहवत नाही, आणि फोनवरही नाही जमत. तिला कमी ऐकू येतं. आणि ही गोष्ट काही ओरडून सांगायची नाही."

"मग आधी बाही वर कर," हेर्दिस म्हणाली. "तुझ्यासाठी नाही म्हणत मी, तिच्यासाठी. तिची फुप्फुसं अशक्त आहेत, तूच सांगितलंस. ताप घेऊन गेलास तर आश्रमवाले तुला दारातनंच परत पाठवतील. आणि आज घेतलीस तर निघेपर्यंत लस अंगी लागेल. तिला दोन आठवडे तरी लागतात."

ओडवारने दोन्ही हात पुढे केले. कोपरापर्यंत डांबर होते.

"हे बघ हात. पुढच्या आठवड्यात येशील तेव्हा घेतो की. पळून चाललोय का मी?"

"पळून नाही, जहाजानं चाललायस. म्हणून तर म्हणते. डांबर मी पुसते, बस खाली."

"अग, आत्ता हे सोडलं तर वाळून दगड होईल. पुढच्या आठवड्यात. शब्द देतो."

धक्क्यावर बोटीचा भोंगा वाजला. अजून दोन बेटे बाकी होती आणि दिवस लवकर मावळत होता. हेर्दिस क्षणभर उभी राहिली. माझ्या झाकणावर तिचा हात होता. ते झाकण उघडेल म्हणून मी वाट पाहत होते. तिने माझे कडे उचलले आणि ती धक्क्याकडे निघाली.

ओडवारच्या वाट्याची ती लस माझ्यात होती तशी गार, सुखरूप परत आली. ती वाया गेली नाही, दुसऱ्या दिवशी शाळेच्या स्वयंपाकिणीला टोचली गेली. माझ्या कामात काही खोट नव्हती. पण त्या दिवशी चांगले काम केल्याचे समाधान मला लाभले नाही.

पुढच्या आठवड्यात वादळ झाले. बोटी सुटल्याच नाहीत. त्याच्या पुढच्या आठवड्यात आम्हाला दुसऱ्या खाडीत जावे लागले. हेर्दिसने केंद्रातून त्याला फोन केला, तेव्हा मी टेबलावर उघडी वाळत पडले होते.

"ओडवार, फेरीनं इकडं केंद्रावर ये. आजच ये."

त्याचे बोलणे मला ऐकू येत नव्हते. हेर्दिसचे येत होते.

"मंगळवारी निघतोस, माहीत आहे मला... हो, उशीर झालाय. उशीर झाला तरी घे. अजिबात न घेण्यापेक्षा बरी... हसतोस काय? ... बरं. बरं बाबा. योरूनला माझा नमस्कार सांग."

फोन ठेवल्यावर ती बराच वेळ माझ्या आतल्या भिंती पुसत राहिली. त्या केव्हाच कोरड्या झाल्या होत्या.

यानंतरचे मी एप्रिलमध्ये ऐकले. शेजारच्या घरात बाळाला लस द्यायची होती. ते काम उरकून हेर्दिस ओडवारच्या दाराशी थांबली. त्याने आत बोलावले, कॉफी ठेवली, मला टेबलावर जागा करून दिली. तो वाळला होता. कॉफी ओतून झाली तरी किटली हातातच धरून तो बोलू लागला.

जहाजाच्या बसायच्या दालनात गर्दी होती, त्याच्या शेजारचा एक जण सारखा खोकत होता. ऑलबोर्गला भाची लिस्बेट घ्यायला आली. योरूनचा वाढदिवस अजून दोन दिवसांवर होता. तोवर त्याने भाचीकडे राहावे आणि मग सगळ्यांनी मिळून वृद्धाश्रमात जावे, असे ठरले होते. वाढदिवसाच्या सकाळी ओडवारला उठवेना. अंग तापले होते, हाडे दुखत होती. डॉक्टरांनी तपासून फ्लू असल्याचे सांगितले.

"त्या आश्रमात आधीच तिघं आजारी पडले होते," ओडवार म्हणाला. "दारावर पाटी होती, ताप असेल त्यानं आत येऊ नये. लिस्बेट म्हणाली, मामा, पडून राहा. पण मी कोट चढवला. आत जायचं नव्हतंच मला. म्हटलं, निदान दिसेन तरी. लिस्बेटनं मला मागच्या बागेत उभं केलं. योरूनची खोली तळमजल्यावर आहे. होती."

हेर्दिसने कप खाली ठेवला.

"खिडकी काही उघडत नव्हती, काच जाड. आत ती खुर्चीत बसलेली, नवं निळं स्वेटर घातलेलं, केस बांधलेले. केक दाखवला मला. मी तिच्यासाठी नेलेली मेंढीची तंगडी वर करून दाखवली. हसली. किती लहान झाली होती ग ती."

"मग?"

"मग मी म्हटलं. काचेला तोंड लावून म्हटलं, योरून, माझं चुकलं. त्या बाकाचं माझं चुकलं. तिनं कानाला हात लावला. मी परत म्हटलं, ओरडून म्हटलं. बागेतला माळी वळून बघायला लागला. खोकला यायला लागला, काच सगळी वाफेनं भरली. मी बाहीनं पुसली. बघतो तर ती हातानं खुणा करतेय." ओडवारने किटली खाली ठेवली आणि स्वतःच्या गळ्यापाशी बोटे नेली. "अशा. बटणं लाव म्हणून. तिला वाटलं, मी थंडी वाजतेय म्हणतोय. लहान असताना अशीच करायची. लाव रे वेड्या बटणं, लाव. मी लावली. सगळी लावली. मग लिस्बेट मला घेऊन गेली."

ताप उतरायला बरेच दिवस लागले. तोवर परतीच्या तिकिटाची तारीख आली, अंगात ताकद नव्हती, तो तसाच घरी परतला. इस्टरला पुन्हा जायचे त्याने ठरवले होते. मार्चच्या सुरुवातीला लिस्बेटचा फोन आला. योरून झोपेतच गेली होती.

"अंत्यविधीला गेलो होतो," तो म्हणाला. "लिस्बेटनं पुढच्या बाकावर बसवलं."

बाहेर समुद्रपक्षी ओरडत होते. 

"लस घेतली असतीस तर ताप आलाच नसता, असं मी खात्रीनं नाही सांगू शकत," हेर्दिस म्हणाली. "घेतलेल्यांनाही येतो कधीकधी."

"माहीत आहे. तू सांगू शकत नाहीस आणि मला ते आता कधीच कळणार नाही. तेच तर टोचतंय."

"मी त्या दिवशी थांबायला हवं होतं. डांबर पुसायला कितीसा वेळ लागला असता?"

"तुझी बोट सुटत होती."

"बोट थांबली असती, ओडवार. मला ओळखतात ते."

 त्याने तिच्या कपात आणखी कॉफी ओतली, अगदी काठोकाठ.

त्या वर्षीच्या शरदात बेटाच्या सभागृहात आम्ही पोचलो, तेव्हा ओडवार दाराशी उभा होता. अंगात स्वच्छ सदरा होता, बाही आधीच वर केलेली. हेर्दिसने माझे झाकण उघडले, त्याच्या दंडावर कापूस फिरवला. सगळ्यांना विचारायचा प्रश्न तिच्या तोंडून सवयीने निघून गेला, "यंदा कुठं प्रवास?"

"नाही," तो म्हणाला. "आता कुठं जायचं?"

तिने सुई टोचली. तो हललाही नाही.

मग तो घरी न जाता कॉफीच्या टेबलापाशी बसून राहिला. थोड्या वेळाने शेजारचा आर्नस्टाइन आला. तो आणि त्याची बायको मुलाला भेटायला स्पेनला निघाली होती, सुनेला दिवस गेले होते. आर्नस्टाइनने रांग पाहिली, कप भरून घेतला आणि म्हणाला, "फार गर्दी आहे. पुढच्या खेपेला बघू." ओडवार उठला. त्याने आर्नस्टाइनच्या हातातला कप काढून बाजूला ठेवला आणि त्याच्या बाहीचे बटण सोडायला लागला. आर्नस्टाइनने काहीतरी थट्टा करायला तोंड उघडले, पण ओडवारचा चेहरा पाहून ते मिटले. दोघे मुकाट्याने रांगेत उभे राहिले.

मित्रांनो, मी साधी पेटी. मला गारवा राखता येत होता, तो मी राखला. पण माझे झाकण आतून उघडत नाही, ते बाहेरच्या कुणाच्या तरी हाताने उघडावे लागते. तुम्ही कुणाला भेटायला दूर जाणार असाल, आणि ते माणूस म्हातारे, आजारी किंवा अगदी तान्हे असेल, तर बॅग भरायच्या कितीतरी आधी आपली बाही वर करा. हातांना डांबर लागलेले असेल तर तसेच या, ते पुसता येते. आणि मनात काही सांगायचे असेल, तर काच मध्ये येण्याआधी सांगा.