बावडीचा धैवत

विमा कंपनीतून निवृत्त झाल्यावर दिनकर खांबेटे जयपूरच्या दुर्गापुऱ्यातल्या घरात दोनच उद्योग करीत. पुस्तकं वाचीत आणि दार लावून जलतरंग वाजवीत. दार लावून, कारण आपलं वाजवणं कुणाला ऐकवण्याजोगं आहे असं त्यांना उभ्या आयुष्यात वाटलं नव्हतं. चिनी मातीच्या पंधरा वाट्या, पाण्याचा तांब्या आणि दोन काड्या, एवढा त्यांचा संसार उरला होता. शिवाय नात वल्लरी. मुलगा बँकेच्या बदलीवर गुवाहाटीला, म्हणून ती आजोबांकडे राहून गोपालपुऱ्याला क्लासला जायची आणि पहाटे गायची.

दार उघडायला लावलं ते निनादने. नागपूरचा पोरगा, सीतापुऱ्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत कामाला, आणि नाद ऊद या अरबी तंतुवाद्याचा. एक दिवस तो वल्लरीला आपल्या जुन्या नोट्स द्यायला आला, आतला आवाज ऐकून जिन्यातच बसून राहिला, आणि मग काकांच्या मागेच लागला. त्याला एक मेळ जमवायचा होता. विजेवर चालणारं काही नाही, नुसतं लाकूड, चामडं, तार, पाणी आणि गळा. झोटवाड्याचा भगवान भोपा गजाने वाजवायचा रावणहत्था घेऊन आला. वल्लरी गाणार होतीच. चौघांना बांधणारा धागाही निनादनेच शोधला. आपला भैरव आणि अरबांची एक जुनी सुरावट, दोन्हींचे सूर तेच. आणि सगळ्यात मोलाचा सूर कोमल धैवत. भैरवात तो स्थिर उभा राहत नाही, झुलत लागतो.

मे महिन्यात शहरात पहिला कार्यक्रम ठरला. आरंभीचा आलाप वल्लरीचा. २००७ सालचा एप्रिल चालू होता. सरावाला भगवानने झोटवाड्याच्या पलीकडची एक जुनी बावडी सुचवली. बावडी म्हणजे पायऱ्यापायऱ्यांनी खोल उतरत जाणारी विहीर. तिथे आवाज फार चांगला घुमतो म्हणाला.

घुमत होता खरा. पण उन्हात बसून घरून नेलेलं पाणी सगळ्यांनी पिऊन टाकलं आणि दिनकररावांच्या वाट्या कोरड्या राहिल्या. ते तांब्या घेऊन खाली उतरले. पायरीवर पार्वती नावाची म्हातारी माळीण भाजी धूत बसली होती.

“बाबूजी, पीना है तो पियो. चाहे तो यहीं बरतन भरो,” ती म्हणाली. “पर ले जाना मत. इस पानी की एक बूँद भी बाहर नहीं जाती.”

“नहीं नहीं, यहीं उँडेल दूँगा,” दिनकरराव घाईने म्हणाले. अनोळखी माणसाशी दोन वाक्यं बोलली की त्यांच्या कपाळावर घाम येई.

सराव झाला. त्यांनी वाट्या एकेक करून पायरीवर रित्या केल्या. धैवताच्या वाटीशी हात अडला. जलतरंग वाजवणाऱ्यालाच कळेल ते. थेंब वाढवा, सूर उतरतो. थेंब काढा, चढतो. आज ही वाटी अशी लागली होती की असा धैवत त्यांना आयुष्यात मिळाला नव्हता. ती ओतायची? त्यांनी आजूबाजूला पाहिलं, वाटीवर बशी झाकली आणि रिक्षातून मांडीवर धरून घरी आणली. वाटीभर तर पाणी, असं मनाशी म्हणत.

जयपूरच्या उन्हाळ्यात जलतरंग संध्याकाळपर्यंत बेसूर होतो, पाणी बोटभर उडून जातं. चौदा वाट्यांचं गेलं. पंधराव्या, धैवताच्या वाटीचं जागचं हललं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आणि काडी लागली की तो सूर झुलायचा, सावकाश, गळ्यातून आल्यासारखा. चिनी मातीच्या वाटीतून!

“काका, हे काय करून राहिले तुम्ही?” निनादने ऊद खाली ठेवला. “पाण्याला बोट लावता काय?”

“नाही रे.”

“मग? ओ भगवानजी, सुना आपने?”

भगवानने कानाच्या पाळीला हात लावला. “बाबूजी, ये तो गा रही है.”

दिनकररावांचे कान तापले. त्या रात्री त्यांना किती तरी वर्षांनी शांत झोप लागली.

आठवड्याने वल्लरी आलाप करताना थांबली. मधला धैवत गळून पंचमावरून ती थेट निषादावर गेली होती. पुन्हा गायली, पुन्हा तेच. अंधारात जिना उतरताना एक पायरीच नसावी, तसं.

“आजोबा, लागतच नाहीये. मतलब, मी लावते, पण तिथे काहीच नाही.”

डॉक्टरांनी घसा पाहिला, काही नाही म्हणाले. काढे झाले, दोन दिवस मौन झालं. गेलेला सूर आला नाहीच, उलट बोलण्यातही भोकं पडू लागली. बोलता बोलता आवाज त्या उंचीला पोचला की ओठ हलत आणि शब्द गळून जाई. हसण्याचा मधलाच तुकडा नाहीसा होई.

“कार्यक्रम निनादच्या ऊदवर सुरू करा,” तिने एकदा पाटीवर लिहावं तसं हळूहळू सांगितलं. “मी नाही गाणार आता. कधीच.” तिचे डोळे भरले होते. तिच्या बोलण्यात जिथे जिथे खळगा पडला, तिथे तिथे कोपऱ्यातली झाकलेली वाटी बारीकशी किणकिणली.

दिनकररावांनी ते ऐकलं. त्यांना सगळं कळलं. आणि तरीही ते मनाशी हिशेब करू लागले. चार दिवसांवर कार्यक्रम होता. एवढा एक होऊन जाऊ दे, मग नेऊन ओतू. आयुष्यात एकदाच तर कुणी वाखाणलं आहे. असा विचार आपण करू शकतो याची त्यांना शरम वाटली, पण वाटी उचलायला हात पुढे झाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पेपर वाचत बसले होते. वल्लरी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. चहाचा कप पुढे करून तिने हाक मारली. ओठ हलले, आवाज आला नाही.

आणि त्यांच्या पाठीमागून, बशीखालून, तिच्याच आवाजात कुणी तरी म्हणालं, “आजोबा.”

वल्लरीच्या हातून कप पडला.

तासाभरात वाटी घेऊन दिनकरराव एकटेच बावडीवर होते. उन्हाने पाणी दहा पायऱ्या खाली गेलं होतं. पार्वती तिथेच होती. वाटी पाहून तिने पदर तोंडाला लावला.

“कितने दिन रखा?”

“बीस.”

“डाल दो.”

त्यांनी वाटी उपडी केली. पाणी पाण्यात मिसळलं, आणि खालून धैवत वर आला. वल्लरीचा. भिंतींना घासत वर चढला, पुन्हा खाली गेला, वर येईना.

“छोड़ती नहीं,” पार्वती म्हणाली. “बीस दिन में अपना मान लिया. अब बदले में वैसा ही कुछ देना पड़ेगा.”

दिनकररावांनी इकडेतिकडे पाहिलं. माळीण, दोन पारवे, बाकी कुणी नव्हतं. तीही नसती तरी त्यांना लाज वाटलीच असती. आंघोळ करतानासुद्धा ते कधी गुणगुणले नव्हते. ते शेवटच्या ओल्या पायरीवर बसले, डोळे मिटले आणि गायले. एकच सूर. फाटका, थरथरता, म्हाताऱ्या गळ्याचा. विहिरीने तो परत दिला. ते पुन्हा गायले. परत आला तो अर्धाच. तिसऱ्यांदा काहीच परत आलं नाही. त्यांनी चौथ्यांदा तोंड उघडलं. छाती कंप पावली, पण कानांना काही ऐकू आलं नाही.

“बस,” पार्वती म्हणाली. “अब घर जाओ. मुड़ना मत.”

कार्यक्रमाच्या संध्याकाळी सभागृह भरलं होतं. दिनकररावांनी नळाच्या पाण्याने वाट्या भरल्या. धैवताची तेवढी वाटी त्यांनी भगवानला जुळवून द्यायला सांगितली.

वल्लरी गाऊ लागली. षड्ज, ऋषभ, गंधार. सूर चढत गेला, पंचमाशी टेकला, आणि मग तिचे ओठ उघडले, गळ्याची शीर ताठ झाली. पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी डोळे मिटले. कुणी तरी मान हलवली. निनादने हसून काकांकडे पाहिलं.

दिनकररावांना तेवढा धैवत ऐकू येत नव्हता. पंचमापलीकडे एक स्वच्छ, झुलणारी शांतता होती, आणि त्या शांततेच्या तळाशी खूप खोल कुठे तरी पाणी हललं. त्यांनी काडी उचलली, भगवानने जुळवलेल्या वाटीला हलकेच लावली, आणि सूर बरोबर लागला की नाही हे कळायला नातीच्या चेहऱ्याकडे पाहिलं.