सातव्या दालनातला ठिपका

संग्रहालयाचं अ‍ॅप तिच्या गळ्यात पडलं, कारण दुसरं कोणी ते घ्यायला तयार नव्हतं. बारा वर्षं ती तिथे गाइड होती. शाळांच्या सहली तिच्यामागे मुकाट चालत, म्हणून सगळे तिला मास्तरीण म्हणत. अ‍ॅपचा खर्च एक न्यास दोन हप्त्यांत देणार होता. पहिला हप्ता मिळाला होता. दुसरा वयस्कर माणसांवर चाचणी घेऊन दाखवल्यावर. न्यासाच्या बाई स्वतः पाहायला येणार होत्या. आठ जण हवे होते आणि मास्तरणीला सातच मिळाले, तेव्हा आठवे म्हणून तिने आपल्या बाबांना आणलं.

बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. आता दुकान बंद, गुडघे कुरकुरणारे, एका कानाला मशीन आणि दुसरा कान नावापुरता.

"यंत्राची परीक्षा घ्यायची तर घड्याळजीच हवा," ते म्हणाले आणि इस्त्रीचा शर्ट घालून हजर झाले.

दुपारी दोन वाजता आठ जणांच्या हातात आठ फोन दिले. अ‍ॅप कानात बोलणार होतं, म्हणून बाबांनी मशीन काढून खिशात ठेवलं आणि इअरफोन घातले. "जिना नको" या चौकोनावर बोटाने खूण केली. मग हात मागे बांधून ते पहिल्या दालनात शिरले.

मास्तरणीच्या हातातल्या टॅबवर आठ हिरवे ठिपके सरकत होते. शेजारी न्यासाच्या बाई चष्मा पुढे ओढून पाहत होत्या. सगळं सुरळीत चाललं होतं. पावणेतीनला सात ठिपके परत आले. आठवा सातव्या दालनात थांबला होता. तिथे मातीची जुनी भांडी होती.

"वडील रमले वाटतं," बाई हसून म्हणाल्या.

"मी बघून येते."

सातव्या दालनात कोणीच नव्हतं. तिने कपाटांमागे पाहिलं, खिडकीजवळचा बाक पाहिला, स्वच्छतागृहाचं दार ठोठावलं. पुन्हा टॅब पाहिला. ठिपका दालनाच्या बरोबर मधोमध होता. ती चालत तिथपर्यंत गेली. टॅबवर तिचा निळा ठिपका हिरव्यावर जाऊन बसला. बाबा असायला हवे होते तिथेच ती उभी होती, आणि आजूबाजूला नुसती भांडी.

बाबांचा स्वतःचा फोन लावला, तर तो बंद. मुख्य दारावरच्या पहारेकऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "बाहेर तर कोणी गेलं नाही, मास्तरीण. मी हललोच नाही इथून."

तिने अ‍ॅप बनवणाऱ्याला फोन केला.

"ठिपका इथे आहे आणि माणूस नाही. असं कसं?"

"फोन जवळच असणार," तो म्हणाला. "फक्त ठिपक्याला मजला कळत नाही. सिग्नल फरशीतून आरपार जातो. वर किंवा खाली बघा."

वर गच्ची. तिला कुलूप. खाली तळघर, तिथे लाकडी वस्तूंचं भांडार.

भांडारात आज धुरी होती. लाकडाला भुंगा लागला होता म्हणून बाहेरची माणसं विषारी वायूच्या टाक्या घेऊन सकाळीच आली होती. तीनला दार बंद करून वायू सोडायचा, तीन दिवस कोणी फिरकायचं नाही, अशी सूचना तिनेच फळ्यावर लिहिली होती. घड्याळात तीनला चार मिनिटं कमी होती.

धावताना तिला उमगलं की हे घडलं कसं. "जिना नको" वाला रस्ता तिने कधी चालून पाहिलाच नव्हता. जिन्याचा रस्ता तीनदा चालली. हा फक्त कागदावर तपासला, आणि तो कागद जुना होता. त्यात मालाची लिफ्ट प्रेक्षकांची म्हणून दाखवली होती. ती सातव्या दालनाशी न थांबता सरळ तळघरात उतरे. एरवी त्या लिफ्टला कुलूप असे. आज सामान हलवायचं म्हणून ती उघडी होती. नकाशाखाली सही मात्र तिची होती, कारण तारीख जवळ आली होती.

जिन्याच्या शेवटच्या पायरीवर तिचा पाय मुरगळला. तशीच लंगडत ती बोळातून गेली. भांडाराचं दार बंद होतं. चारही कडांना रुंद चिकटपट्टी लावून झाली होती. दाराच्या भोकातून एक नळी आत गेली होती आणि टाकीजवळ बसलेल्या धुरीवाल्याचा हात झडपेवर होता.

तिने सरळ त्याचं मनगट धरलं.

"अहो, काय करताय?" तो दचकून म्हणाला.

"सोडला का? वायू सोडला का?"

"आत्ता सोडणार होतो."

"आत माझे बाबा आहेत."

"कोणी नाही आत. दिवा घालवायच्या आधी दोनदा हाक मारली मी."

"त्यांना ऐकू येत नाही."

धुरीवाल्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने झडप घट्ट पिळली, नळी उपटून काढली, आणि दोघांनी मिळून नखांनी पट्टी ओरबाडली. ती लवकर सुटत नव्हती. दोघांपैकी कोणीतरी मोठ्याने श्वास घेत होतं. कोण, ते तिला कळत नव्हतं.

आत मिट्ट काळोख होता. दूर, झाकलेल्या पालख्यांच्या रांगेमागे, फोनचा उजेड दिसला. बाबा एका खोक्यावर बसले होते.

"इथे भांडी कुठायत गं?" कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तशा मोठ्या आवाजात त्यांनी विचारलं. "हा सारखा सांगतोय, तुम्ही योग्य ठिकाणी आहात. मग दिवेच गेले. म्हटलं, येईल कोणीतरी."

तिने त्यांचा दंड धरला तो बाहेर रस्त्यावर येईपर्यंत सोडला नाही.

संग्रहालयाच्या संचालकांनी तिला बाजूला घेतलं. "हे बघ, वडील चुकले, वडील सापडले, विषय संपला. बाईंना सांगितलं की ते जरा दमले होते. तूही तेच सांग."

तिने मान डोलावली. त्या क्षणी तिने कशालाही मान डोलावली असती.

टॅक्सीत बाबांनी मशीन कानात बसवलं. "त्या दारातून एक नळी आत आली होती," ते म्हणाले. "अंधार व्हायच्या आधी पाहिली. कशाची होती?"

खोटं बोलावं असं तिच्या मनात आलं. पण जन्मभर यंत्रं उघडून पाहिलेल्या माणसाला काय थाप मारणार? तिने सगळं सांगितलं, सहीचंही. बाबांनी टॅक्सीची काच पूर्ण खाली केली.

"आईला सांगू नकोस," ते म्हणाले. "पण त्या बाईंना सांग. माझ्या जागी दुसरं कोणी असतं, तर त्याला शोधायला मुलगी आली नसती."

रात्रभर तिला झोप लागली नाही. सकाळी पाय सुजलेला होता. नोकरी जाणार असं धरूनच ती न्यासाच्या कचेरीत गेली. बाईंसमोर जुना नकाशा पसरला आणि कुठे काय घडलं ते बोट ठेवून सांगितलं.

"संचालक तर म्हणाले, दमले होते," एवढंच त्या म्हणाल्या.

"नाही. ते नीटच चालत होते. अ‍ॅपने सांगितलं तिथेच गेले."

न्यासाने दुसरा हप्ता रोखला आणि लेखी कळवलं: आधी प्रत्येक रस्ता माणसाने प्रत्यक्ष चालून पाहायचा, तळघर नकाशातून काढायचं, मगच पुढचं. संचालक महिनाभर तिच्याशी कामापुरतंच बोलले. अ‍ॅप मात्र तिच्याकडून काढून घेतलं नाही. घ्यायला कोणी नव्हतंच. ठरल्यापेक्षा पाच महिने उशिरा ते लोकांच्या हाती गेलं. तोवर ती एकेक रस्ता चाकाच्या खुर्चीत बसून, कानात बोळे घालून फिरली होती.

उद्घाटनाला बाबा आले नाहीत. गुडघ्याचं कारण सांगितलं. हल्ली ते बंद खोलीत झोपत नाहीत. दार उघडं लागतं. आई विचारते, हे काय नवीनच, तेव्हा ते उकाड्याचं कारण सांगतात, आणि मास्तरीण उठून पंखा वाढवते.